ठिपक्यावरचं टेशन

माही नात मनीषनगरात राहते, तिसऱ्या माळ्यावर. तिचे सोबती घरी आले का ती मले बाहीरच्या खोलीत बोलावते आन त्यायले सांगते, माहा आजोबा मिलमजूर होता, चौथी नापास, आन त्या जमान्यात रेडिओवर जाज, म्हणजे अमेरिकेतला बाजा, ऐके. सोबती तोंड उघडं टाकून पाह्यतात. एका पोट्टीनं तर माह्या पायाले हात लावला, जसा काय तो बाजा मीच वाजवत होती. मंग विचारतात, आजी, तुम्ही पण ऐकत होत्या का? मी म्हणतो, हो, ऐकत होती. कानाले का झाकण असते?

मले तो बाजा आवडत नाही. तवाही आवडत नव्हता. बोक्याचं शेपूट दारात सापडलं तर जसा वरडते तसा तो एक पितळी बाजा वरडे, आन त्याच्या मांगं ढोलावाला आपल्याच नादात. गाणं नाही, बोल नाही, कुठं सुरू झालं आन कुठं सरलं याचा पत्ता नाही. आधी एक जड आवाजाचा गोरा इंग्रजीत सावकाश काही सांगे, मंग हे सगळं, रोज दिवेलागणीनंतर, पूर्ण घंटाभर, एका खोलीच्या घरात. खोली म्हणजे मी भाकर टाकाले बसली तर माही पाठ रेडिओच्या टेबलाले लागे.

रेडिओ आला तो अजनीच्या रेल्वे क्वार्टरातून. तिथं एक गोरा-काळा मिसळलेला गार्ड राहे, त्याचं सगळं खटलं मुलूख सोडून समुद्रापार चाल्लं होतं. माह्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी त्याच्या क्वार्टरले चुना मारला होता. जाता जाता गार्डानं त्याले रेडिओ देला. लाकडी पेटी, पुढं जाळीचं कापड, वरतं काच. त्या काचेवर एका जागी लाल ठिपका होता. गार्डाच्या बायकोनं नखाले लावाच्या रंगानं लावलेला. काटा त्या ठिपक्यावर आला का जाज लागे. गार्डानं माह्या नवऱ्याले बजावून सांगतलं का हे टेशन लय दूरचं हाय, केसाएवढा काटा सरकला तरी हातातून जाते, मंग सापडत नाही. ते त्यानं असं धरून ठेवलं का जसं काय देव्हाऱ्यातला दिवा. आमच्या घरात देव्हारा नव्हताच, आम्ही दीक्षा घेतलेले लोक. तरी त्या ठिपक्याले तो अंघोळ करून आल्याशिवाय हात लावत नव्हता.

आवाज पूर्ण सोडे, कारण त्याचे कान अर्धे गेले होते. तो मिलीत मागावर होता. मागाच्या खात्यात आवाज असा का बाजूच्या माणसानं कानात वरडलं तरी ऐकू नाही येत. म्हणून तिथले लोक ओठानं बोलत. आवाज काढाचाच नाही, ओठ सावकाश हालवाचे, समोरचा वाचते. मीही लग्नाच्या आधीपासून मिलीत होती, बायांच्या रीळ खात्यात, मलेही ते येत होतं. आमच्या वस्तीत आर्ध्या लोकायले येत होतं. नवराबायकोची भांडणं सुद्धा गल्लीत मुक्यानं होत, लेकरं पाहून पाहून हासत. ज्याच्याशी बोलाचं नसन त्याच्यापुढं दुपट्टा तोंडावर घेऊन घ्याचा. ओठ झाकले का अबोला. मिलीत याच्याहून मोठी शिवी नव्हती.

त्याले त्या बाज्याचं काहून एवढं, हे मले मालूम होतं. माहा सासरा गावी असताना डफडं वाजवे. पोळ्याले वाजवे, लग्नात वाजवे, पाटलाच्या दारात उभा राहून वाजवे, आन शिळं आणे. दीक्षा घेतल्यावर त्यानं डफड्याचं कातडं फाडून चुलीत घातलं आन सांगतलं का आता आपल्या घरात कोणी कातड्यावर बोट मारणार नाही. डफड्याचं लाकडी कडं तेवढं राह्यलं, त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवत. माहा नवरा तवा लहान होता. त्याची बोटं तशीच राह्यली. जेवताना ताटावर, चालताना मांडीवर, झोपेतही बोटं चालूच. गार्डानं त्याले सांगतलं होतं का हे जाजवाले काळे लोक हायेत, यायचे आजे-पंजे बाजारात इकले जात होते, आन यायनं गोऱ्यायचेच बाजे उचलून आपल्या मर्जीनं वाजवले. कोणाच्या दारात उभं राहून नाही, खुर्चीवर बसून. हे तो येईन जाईन त्याले सांगे. मी ऐकून ऐकून कंटाळली होती. मी म्हणे, खुर्चीवर बसून वाजवतात ना, मंग त्यायले चुलीपाशी काहून आणून बसवलं तुम्ही.

मिलीनं आधी बायायले काढलं. माहं रीळ खातं बंद झालं, तवा माह्या पदरात एक पोरगी होती. मी मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली, कच्च्या कामावर. हगलं-मुतलं काढाचं, चादरी धुवाच्या, मेलेल्याले पुसाचं. वरसभरानं मोठ्या सिस्टरनं आम्हाले उभं करून सांगतलं का पक्कं व्हाचं असन तर चौथी पासचा कागद पायजे. उन्हाळ्याच्या तोंडी मोठ्या माणसायची परीक्षा असते, ती द्या. नाही तर घरी बसा. मी दुसरीतून शाळा सोडलेली. अक्षर लागे, पण गणित म्हटलं का बेरजेच्या पुढं अंधार. सिस्टरनंच सांगतलं, नागपूर टेशनवर मंगळवारी आन शुक्रवारी बायायसाठी धडे असतात, अर्धा घंटा. रेडिओ असन तर ऐका.

रेडिओ होता. धड्याची येळ आन जाजची येळ एकच होती.

मी त्याले साधं सांगतलं. रोज नाही, दोन दिवस. पूर्ण घंटा नाही, अर्धा. परीक्षा झाली का संपलं. तो ठिपक्याकडं पाहे, माह्याकडं नाही. काटा हालला तर परत भेटणार नाही म्हणे. मी म्हटलं, ठिपका तर हाय ना काचेवर, तिथंच परत आणू. तो म्हणे तुले नाही समजत. मी मांगं लागली. चार दिवस लागली. पाचव्या दिवशी तो जेवता जेवता बोलला.

"गू-मूत काढाले चौथी पास लागते का वं?"

पोरगी बाजूले बसली होती. तिनं घास हातात धरून माह्याकडं पाह्यलं.

भाकर तव्यावर होती, ती मी उलटवली. त्या दिवसापासून माह्या मनात त्याच्याबद्दल जे बसलं ते बसलं. मिलीत बैठकी सुरू झाली होती, आठ दिवसातून चार दिवस तो घरी. मी पक्की झाली तर घर माह्या पगारावर आलं असतं. काट्याची त्याले भीती होती, खरं हाय. पण सगळी भीती काट्याची नव्हती.

आमच्या समोर, गल्लीपलीकडं, एक बाई राहे. तीही मिलीतली, माह्याच खात्यातून निघालेली. गल्ली एवढी का दोघी आपापल्या उंबऱ्यावर बसलो तर मधून एक सायकल जाये, दुसरी नाही. तिचं आन माहं वाकडं होतं. नळावर तिनं एक डाव माही घागर लाथाडली होती, मी तिच्या सासूच्या नावानं बोलली होती, तवापासून दोन वरस तोंड नाही. तिच्याकडं लहान रेडिओ होता. पण आमच्या जाजपुढं तिले सोताच्या घरात सोताचा रेडिओ ऐकू येत नव्हता, कान लावून बसाव लागे. त्याच्यावरून तिनं माह्या नवऱ्याले गल्लीत उभं राहून शिव्या घातल्या होत्या. त्याले ऐकू आल्या नाहीत. मंग तिनं त्याच शिव्या ओठानं देल्या, त्या त्याले बराबर समजल्या.

मी तिच्या दारात गेली. दोन वरसानं. अडचण सांगतली. ती सुपात गहू पाखडत होती, पाखडत राह्यली. मंग म्हणे,

"तुह्यासाठी नाही करून राहिली मी, ध्यानात ठेव. तुह्या बुढ्याच्या भोंग्यावर मले सूड उगवाचा हाय."

मंगळवार आला. तिकडं ती उंबऱ्यावर बसली, रेडिओ मांडीवर, कान त्याले चिकटवलेला. इकडं मी उंबऱ्यावर, पाटी घेऊन. माह्या पाठीशी जाज फुल आवाजात. आन रेडिओवरची मास्तरीण जे सांगे ते समोरची ओठानं बोले, मिलीसारखं, सावकाश. तिले सोताले एक अक्षर येत नव्हतं. जे कानात पडे ते ओठातून बाहीर. आकडा आला का बोटं वर करे. मी वाचत जाये, पाटीवर लिवत जाये. समजलं नाही तर मी मान हालवे, तर ती मलेच ओठानं म्हणे, बयताड, धड पाह्य. मास्तरीण पुढं गेलेली राहे, मंग ती शिवी देता देता दोन वाक्य गाळून टाके. माही निम्मी भूगोलाची पाटी तिच्या शिव्यायनं रिकामी राह्यली.

माह्या नवऱ्याची पाठ दाराकडं राहे. तो पेटीसमोर बसे, तळहात जाळीच्या कापडावर ठेवून. कानानं जे जाये ते तो हातानं घे. दोन महिने त्याच्या पाठीमांगं माही शाळा भरत होती आन त्याले पत्ता नव्हता. पोरीले मालूम होतं. तिनं सांगतलं नाही.

त्या दोन महिन्यात समोरचीचे बारापर्यंतचे पाढे पाठ झाले. नळावर कोणाशी भांडण झालं का ती मधातच म्हणे, तुह्यासारख्या आठ सत्ते छप्पन पाह्यल्या मी. पण माह्याशी नळावर तिनं बोलणं सुरू केलं नाही. घागर पुढं सरकवे, बस.

उन्हाचा तडाखा सुरू झाला, परीक्षेले आठ दिवस राह्यले, आन तिचा जावई भंडाऱ्याहून आला. तिच्या पोरीचे दिवस भरले होते. ती बोचकं बांधून निघाली, रेडिओ जावयाच्या हातात. जाताना माह्याकडं पाहून ओठानं बोलली, भागाकार राह्यला. खरंच राह्यला होता. शेवटचे दोन धडे भागाकाराचे होते, सिस्टरनं सांगतलं होतं का परीक्षेत तो येतेच येते.

शुक्रवारी मी दवाखान्यातून आली, हातपाय धुतले, पोरीले पाटी आणाले सांगतली. नवरा पेटीसमोर बसला होता, काटा ठिपक्यावर, जाज सुरू व्हाची येळ झालेली, आत अजून नुसती खरखर. मी त्याच्या समोर गेली आन त्याच्या डोळ्यापुढं, त्याचा हात कापडावर असतानाच, बटन फिरवलं. दूरच्या टेशनायचा पट्टा बदलून जवळच्यायचा केला, काटा सरकवला, नागपूर लावलं. समोरचीनं मले आधीच शिकवून ठेवलं होतं कसं लावाचं ते.

त्याच्या हाताले आधी समजलं. खरखर थांबली, बाई बोलाले लागली. तो माह्याकडं पाहून राह्यला. मी आवाज काढला नाही, ओठानं बोलली, म्हणजे त्याले पक्कं समजलं पायजे.

"आता माहा अर्धा घंटा."

त्यानं हात उचलला नाही. माह्यावर त्यानं कधीच उचलला नाही, खोटं बोलणार नाही. तो तसाच बसून राह्यला, तळहात कापडावर, आन मास्तरीण भागाकार सांगत होती. मी पाठमोरी बसून पाटीवर मांडत गेली. आकडे वाकडे आले. अर्धा घंटा झाला, मी उठली, पट्टा बदलला, काटा परत ठिपक्यावर आणला. बराबर ठिपक्यावर.

जाज आलं नाही. नुसता फोडणीसारखा चर्र आवाज. तो इकडं केसभर, तिकडं केसभर सरकवत बसला. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. मंगळवारी मी परत उठून भागाकाराचा दुसरा धडा लावला. तो उठून बाहीर गेला, जाता जाता त्यानं दुपट्टा तोंडावर घेतला.

परीक्षेत भागाकार आला. मी पास झाली. पावसाळ्यात पक्की झाली. घरात गोडधोड झालं नाही. त्याचा दुपट्टा तोंडावरच होता, सहा महिने. एका खोलीत सहा महिने. भाकर वाढली का खाये, ताट सरकवे. रोज त्याच येळेले पेटीसमोर बसे, ठिपक्यावरचा चर्र आवाज ऐके, बोटं गप्प. एक डाव पोरीनं म्हटलं, आई, बाबाचे बोटं थांबले. मी म्हटलं, माह्या हातालेही घट्टे पडले, ते पाह्य.

मंग थंडी लागली. एका संध्याकाळी मी भाकरी थापून राहिली होती आन पाठीमांगून तो पितळी बाजा वरडला. त्याच ठिपक्यावर, काही न करता. तोच जड आवाजाचा गोरा सावकाश बोलला, मंग ढोल. नवऱ्यानं दुपट्टा खाली घेतला. माह्याकडं पाह्यलं.

"आणलं का वं परत?"

त्याले वाटलं मी नेलं होतं, आन मीच आणलं. मी पिठाच्या हातानं भाकर फिरवली आन म्हटलं, हो.

पुढं उन्हाळा लागला आन टेशन परत गेलं. मले सोतालेच दचकाले झालं, मी तर त्या दिवशी हातही लावला नव्हता. तो घाबरून माह्याकडं आला, आता काय चुकलं म्हणून. मी त्याचा समज तसाच राहू देला. थंडीत ते परत आलं. मंग एकदा पेटीतला एक काचेचा बल्ब गेला, मी ती सीताबर्डीले दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेली. त्यानं ठिपका पाह्यला आन हासला. म्हणे, मावशी, हे दूरचे टेशन सहा महिने एका जागी असतात आन सहा महिने दुसऱ्या. उन्हाळ्यात हे ठिपक्याच्या डाव्या बाजूले दोन बोटं सरकते. घरी आली तवा उन्हाळाच होता. नवरा कोणाच्या तरी मातीले गेला होता. त्याच येळेले मी पेटी लावली, आवाज बारीक ठेवला, डाव्या बाजूले दोन बोटं काटा नेला. चर्र चर्रमधून तो पितळी बाजा निघाला. तोच गोरा. माह्या कानाले ते लगेच सापडलं, त्याच्या अर्ध्या कानाले दहा वरसं सापडलं नसतं.

मी ऐकलं थोडं. मंग काटा ठिपक्यावर आणून ठेवला आन पेटी बंद केली.

त्याले सांगतलं नाही. त्या वरशीही नाही, पुढंही नाही. दरसाल उन्हाळ्यात टेशन जाये आन तो नरम पडे. पहाटे नळावर घागर घेऊन तो जाये, समोरचीच्या शिव्या खाये. शाळेचं नाव घालाचं असते तेही उन्हाळ्यात. पोरीले सातवीच्या पुढं शिकवाचं का, हे मी त्याले भर उन्हाळ्यात विचारलं. त्यानं पेटीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, आन हो म्हटलं. दहावीच्या पुढं नर्सिंगले पाठवाचं, तेही उन्हाळ्यातच विचारलं. थंडीत मी त्याले कधी काही विचारलं नाही.

पाप म्हणा कोणाले म्हणाचं असन तर. गू-मूत काढाले चौथी पास लागते का, हे त्यानं एकदाच विचारलं, पण माह्या पोरीसमोर विचारलं.

शेवटच्या वरसाले त्याचे कान पूर्ण गेले होते, छातीतही कापसाची धूळ भरली होती, खोकला थांबेना. दवाखान्यात माह्याच वार्डात होता, माह्याच हातानं त्याचं सगळं केलं. पावसाळा सुरू होता. त्यानं पेटी खाटेपाशी आणाले लावली. काटा ठिपक्यावर, हात कापडावर, आत चर्र. त्यानं ओठानं विचारलं, कवा येईन? मी ओठानं सांगतलं, पानी सरलं का. डाव्या बाजूले दोन बोटं. माहा हात तिथून एक वीत दूर होता. मी चादर बदलली.

तो पानी सरायच्या आधी गेला.

पेटी आता नातीच्या बाहीरच्या खोलीत हाय, शोभेले. ठिपका अजून हाय. ती सोबत्यायले दाखवते आन मले विचारते, आजी, आजोबाले त्यातलं कोणतं आवडे? मी म्हणतो, जे थंडीत लागे ते.